तळटीप १२ : ताओ फोंग शान

१२. मजकुरात उल्लेख आलेले ‘देवळासारखे चर्च’ ते हेच. हाँगकाँगच्या शा टिन भागातल्या टेकडीवरचे हे केंद्र नॉर्वेजियन लुथरन मिशनरी कार्ल लुडविग रायखेल्ट यांनी १९३० च्या दशकात उभारले. आराखडा डॅनिश वास्तुविशारद योहानेस प्रिप-म्योलर यांचा. चिनी बौद्ध मठांची मोजमापे घेत ते चीनभर हिंडले होते. म्हणून इथले प्रार्थनामंदिर अष्टकोनी, छप्पर कौलारू नि वर वळलेल्या कोपऱ्यांचे, आणि क्रूस उमललेल्या कमळावर उभा. फिरत्या बौद्ध भिक्षूंना मठाप्रमाणेच इथे मुक्काम करता येई. आवारात शिरताना त्यांना परके वाटू नये, हा या बांधणीमागचा हिशोब. बौद्धांशी असलेल्या अशा जवळिकीवरूनच रायखेल्ट यांची मूळ मिशन संस्थेशी आधीच फारकत झाली होती. — संपा.