मुक्कामाचा दिवस

लांबच्या सायकल सफरीचा हिशेब लोक किलोमीटरमध्ये मांडतात. रोज किती अंतर कापले, कोणता घाट चढलात, हे हौसेने विचारतात. ज्या दिवशी सायकल चालवलीच नाही, त्या दिवसाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पण दोन-तीन आठवडे रस्त्यावर काढणाऱ्याला ठाऊक असते, की मधल्या मुक्कामाच्या दिवसावरच पुढचा प्रवास उभा असतो. त्या दिवशी पायांची झीज भरून येते, साखळीला तेल मिळते, कपडे वाळतात आणि डोके ताळ्यावर येते.

‘टूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत १९०३ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हा तिचे टप्पे अवघे सहा होते. पण शर्यत १ जुलैला सुरू होऊन १९ जुलैला संपली. टप्पे इतके लांब होते, की मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे हे शहाणपण त्याहून कितीतरी जुने आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि मग पुण्यात दोन रात्री विसावते. पंढरपूरची ओढ कितीही असली, तरी वारीच्या वेळापत्रकात विसाव्याला मानाची जागा आहे.

इंदूरहून गोव्याला सायकलने जाताना मीही असाच एक दिवस पिंपरी-चिंचवडमध्ये काढला. नाशिक रस्त्याने नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण करत भोसरीत शिरलो होतो. सामान बांधायच्या कॅरिअरचा एक दांडा वाटेत तुटला होता. उद्योगनगरीत वेल्डिंग करून देणाऱ्यांना काय तोटा, अशा विचाराने सकाळी बाहेर पडलो, तर गल्लीतली सगळी शटर्स खाली ओढलेली. चहाच्या टपरीवाल्याने कोडे सोडवले. ‘‘अहो, आज गुरुवार! सुट्टी असते इथं.’’

या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वर्षानुवर्षे गुरुवारी राहिली आहे. कारण विजेचे आहे. साऱ्या भागांतले कारखाने रविवारीच बंद राहिले, तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि इतर दिवशी अपुरी पडणार. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांनी निरनिराळे वार वाटून घेतले. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही रविवारऐवजी दुसरा वार देण्याची मुभा ठेवली होती. मात्र सलग दहा दिवसांहून अधिक काळ कामगाराला सुट्टीवाचून राबवता येणार नाही, असे त्यात बजावले होते.

पण मुळात ही सुट्टी आली कुठून? तिचा उगम मुंबईच्या गिरणगावात आहे. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसर गावाशी नाते असलेले नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून तयार झालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. पहिली मागणी पगारवाढीची नव्हती, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीची होती! एप्रिल १८९० मध्ये हजारो कामगारांची मोठी सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को आली. तिथल्या कामगाराला ही सुट्टी आयती मिळाली, ती या लढ्यामुळे. तो कामगार तेव्हा माझ्यासारखाच सायकलवर होता. पाळी सुटली, की रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागे. पुढे आकुर्डीत बनलेल्या स्कूटरनेच या रस्त्यांवरून सायकलला बाजूला सारले. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली आणि कामाचा पट्टा नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकला.

त्या गुरुवारी टपरीवर मला एक तरुण भेटला. विदर्भातून आलेला, ठेकेदाराकडे कामाला. सुट्टीच्या दिवशी तो दुसरीकडे माल उतरवायला जात असे. ‘‘खाडा केला तर रोज बुडते, अन् खोलीचं भाडं तर द्याच लागते,’’ तो म्हणाला. वयाने माझ्याहून निम्मा. पण मी विश्रांती घेत होतो आणि त्याला ती परवडत नव्हती.

सायकलस्वाराला विसाव्याची किंमत लगेच कळते. तो टाळला, तर दुसऱ्या दिवशी घाटात पाय बोलू लागतात. कारखान्यात ही किंमत उशिरा चुकती होते. दुखणाऱ्या पाठीत, यंत्रावर लागलेल्या डुलकीत, कधी गमावलेल्या बोटात. कामगारविषयक नव्या संहितांपैकी २०२० च्या सुरक्षाविषयक संहितेतही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नको, हे तत्त्व कायम राहिले आहे. पण कॅलेंडरवर सुट्टी असणे वेगळे आणि ती घेता येण्याइतकी मजुरी हाती पडणे वेगळे. लोखंड्यांच्या त्या निवेदनात विश्रांतीबरोबरच वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई याही मागण्या होत्या, त्या उगाच नव्हेत. पोटाची चिंता मिटल्याशिवाय विसावा घेता येत नाही, हे त्यांना १८८४ मध्येच उमगले होते. चाकणच्या रस्त्यावर ती मागणी आजही जुनी झालेली नाही.