परत येणारा बाण

दिवाळीत उडविलेला बाण कोठे पडतो, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. बाटलीत काडी उभी करायची, वातीला उदबत्ती लावायची आणि मागे पळायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. सूं करून तो वर गेला, फुटला, चार रंगीत तारे उधळले, की आपली मान खाली येते आणि हात पुढच्या बाणाकडे जातो. त्याची जळकी काडी कोणाच्या कौलांवर, कोणाच्या गवताच्या गंजीवर पडली, ते त्या घरच्या माणसांनाच ठाऊक. बाणाचे काम वर जाणे; खालचे ज्याचे त्याने पाहून घ्यावे, असा जणू शेकडो वर्षांचा संकेतच आहे.

हा संकेत मोडला कसा, त्याची कथा मला येथे सांगायची आहे. ती राजांची नाही, सेनापतींची नाही. ती आहे एका जोड्यांच्या दुकानदाराची, एका रॉकेट-तज्ज्ञाची, एका फटाकेवाल्याच्या मुलाची आणि असंख्य शाळकरी पोरांची.

बाण आपल्याला नवा नाही. पानिपतावर १७६१ साली नजीबखानाच्या रोहिल्यांनी मराठ्यांच्या फौजेवर बाणांचा मारा केला होता. म्हैसूरच्या हैदर आणि टिपू यांनी बाणाची नळी लोखंडाची केली. त्यामुळे तिच्यात दारू अधिक ठासून भरता येऊ लागली आणि पल्ला वाढला. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा चांगलाच चटका बसला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथले बाण इंग्लंडात गेले आणि त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्ह यांनी आपले रॉकेट बेतले. १८०७ साली कोपनहेगन शहरावर ती रॉकेटे बरसली. या साऱ्या इतिहासात बाणाने परत यावे अशी इच्छा कोणीच केली नव्हती. शत्रूवर टाकलेली वस्तू परत आली तर ते अरिष्टच!

पुढे विज्ञानाने बाण हाती घेतला. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतल्या ऑबर्न गावी रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रवरूप इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट उडविले. ते अडीच सेकंद हवेत होते, ४१ फूट उंच गेले आणि १८४ फूट दूर कोबीच्या मळ्यात जाऊन आदळले. युग बदलले, पण खाली येण्याची रीत त्या दिवशी तरी जुनीच होती.

मग ४ ऑक्टोबर १९५७ हा दिवस उजाडला. रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि सारे जग माना वर करून रात्रीच्या आभाळाकडे पाहू लागले. अमेरिकेतल्या मुलांच्या अंगात तर जणू वारेच शिरले. जो तो रॉकेट करावयास निघाला. तळघरात, गाड्यांच्या छपरात लोखंडी नळ्या गोळा झाल्या. काडेपेट्यांचे गूल खरवडले गेले, सोरा आणि गंधक वाटले गेले. लोखंडी नळीत ठासलेली घरगुती दारू म्हणजे रॉकेट नव्हे, बाँब होय, हे त्या पोरांना कोण सांगणार? कोणाची बोटे गेली, कोणाचे डोळे गेले. काहींचे प्राणही गेले.

वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या कोळशाच्या खाणींच्या गावात होमर हिकम नावाचा असाच एक मुलगा होता. त्याच्या पहिल्या रॉकेटाने आईच्या गुलाबांच्या बागेचे कुंपण उडविले. पण त्याला एक भाग्य लाभले. फ्रीडा रायली नावाच्या त्याच्या शिक्षिकेने त्याला हाकलून दिले नाही. उलट क्षेपणास्त्रांच्या रचनेवरचा एक अवघड ग्रंथ त्याच्या हाती ठेवला. यातले गणित शिकलास तर हे तुला कळेल, असे तिचे सांगणे. तो मुलगा आणि त्याचे सोबती गणित शिकले, खाणीच्या कारखान्यातल्या कारागिरांकडून नळ्या कातून घेऊ लागले आणि १९६० साली राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. हिकम पुढे नासामध्ये अभियंता झाले आणि १९९८ साली त्यांनी या आठवणींचे पुस्तक लिहिले. रायलीबाई मात्र १९६९ साली, ऐन तारुण्यात, कर्करोगाने गेल्या.

ही कथा वाचताना माझ्यासारख्या शिक्षकाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. पण त्याबरोबर मनात एक शंकाही येते. ज्या गावात खाणीचा कारखाना नाही, ज्या शाळेत रायलीबाई नाहीत, तेथल्या मुलाने काय करायचे? वडीलधाऱ्यांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. एक, सरळ बंदी घालायची. आणि दुसरी, डोळ्यांवर कातडे ओढून घ्यायचे. बंदीने मुलगा थांबत नाही, तो फक्त लपून करू लागतो. आणि कातडे ओढून घेतल्याने स्फोट थांबत नाही. तिसरी वाट हवी होती.

गंमत अशी, की ती वाट स्पुटनिकच्या तीन वर्षे आधीच तयार होऊन एका जोड्यांच्या दुकानात पडून होती. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे जोड्यांचे दुकान होते. जोडे विकावेत आणि फावल्या वेळात शोभेच्या दारूचे प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृती करण्याचा नाद. रॉकेट कसे उडते हे व्याख्यानात दाखविण्यासाठी रॉबर्टना एक छोटेसे, खरोखर उडणारे रॉकेट हवे होते. दोघा भावांच्या दोन छंदांची गाठ पडली आणि १९५४ साली कागदाच्या नळीचे व हलक्या लाकडाच्या पंखांचे एक इवलेसे रॉकेट जन्माला आले. ते वर गेले, माथ्यावर पोहोचले, त्याचे टोपण उघडले, आतून छत्री बाहेर पडली आणि ते तरंगत तरंगत अलगद खाली आले. त्यात नवे एंजिन घातले की पुन्हा उडायला तयार! १९५८ साली त्यांना या खेळण्याचे पेटंट मिळाले.

त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या रॉकेट-तळावर हॅरी स्टाइन नावाचे एक तरुण गृहस्थ काम करीत होते. हाताळणीचे नियम पाळले तर रॉकेटचे काम किती निर्धोक असते, यावर त्यांनी १९५७ च्या प्रारंभी एका मासिकात लेख लिहिला. त्यावर मुलांची पत्रे येऊ लागली: आम्हांला रॉकेट कसे करायचे ते सांगा. सांगावे तर अपघाताची भीती, न सांगावे तर तीच भीती अधिक. आणि त्या पत्रांतच एक पत्र नॉरफोकच्या दुकानदाराचे होते. पाठोपाठ त्याची रॉकेटेही आली. स्टाइन यांनी ती उडवून पाहिली आणि मुलांच्या पत्रांना द्यायचे उत्तर त्यांच्या हाती आले.

हे उत्तर काय होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. रॉकेटमधले धोक्याचे काम एकच, दारू कालवणे आणि ठासणे. तेवढे मुलाच्या हातून काढून घ्यायचे. बाकी सारे, म्हणजे नळी, पंख, छत्री, मोजमाप, रंगरंगोटी, उडविणे आणि शोधून आणणे, त्याच्या हाती ठेवायचे. बंदी घातली ती फक्त एका कृतीवर. खेळ सबंध मोकळा केला.

दारू ठासण्याचे काम कोणीतरी करायलाच हवे होते. कोलोराडोतील डेन्व्हर शहरी फटाके बनविणाऱ्या कुटुंबातले व्हर्नन एस्टेस हे तरुण त्यासाठी पुढे आले. त्यांनी दाबाच्या हवेवर चालणारे एक यंत्र रचले आणि त्याचे नाव ठेवले ‘मेबल’. १९५९ च्या प्रारंभी मेबल चालू झाली. दर साडेपाच सेकंदांना एक एंजिन, आणि प्रत्येक एंजिन दुसऱ्यासारखे! हा सारखेपणाच महत्त्वाचा. हाताने ठासलेली दारू कधी फुसका बार, तर कधी बाँब. यंत्राने ठासलेली दारू सांगितल्या वेळी सांगितले तेवढेच काम करते.

हे एंजिन म्हणजे जेमतेम बोटाएवढी, जाड कागदाची नळी. खाली चिकणमातीचे अरुंद तोंड. त्यावर सोरा, गंधक आणि कोळसा यांची आपली ओळखीचीच दारू, लहान एंजिनात तीन-सव्वातीन ग्रॅम. ती एका सेकंदाच्या आत जळून जाते. मग पाळी येते हळू जळणाऱ्या थराची. तो धूर सोडतो, जोर लावीत नाही. तेवढ्या अवधीत रॉकेट अंगच्या वेगाने माथ्यापर्यंत चढते. शेवटी एक छोटा बार वरच्या बाजूस उडतो आणि छत्रीला बाहेर ढकलतो. एंजिनावर ‘ए८-३’ अशी खूण असते. अक्षर एकूण बळ सांगते आणि पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक त्याची मर्यादा दुप्पट होते. आठ हा सरासरी जोराचा आकडा. तीन म्हणजे छत्रीपूर्वी थांबण्याचे सेकंद.

आपल्या दिवाळीच्या बाणाला जी लांब काडी असते, तिचे काम येथे शेपटीचे पंख करतात. रॉकेटचा तोल जेथे सावरतो तो बिंदू पुढे आणि वाऱ्याचा रेटा जेथे एकवटतो तो बिंदू मागे, असे असेल तर रॉकेट सरळ जाते; उलट झाले तर कोलांट्या खाते. हे तपासण्याची युक्ती मुलाला सहज जमते. तोलाच्या बिंदूवर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे ठेवून फिरले तर उडवायला हरकत नाही. १९६६ साली नासातले जेम्स बॅरोमन यांनी हा दुसरा बिंदू गणिताने काढण्याची सोपी रीत मांडली. आणि तीही कुठल्या विद्वत्परिषदेत नव्हे, तर या छंदाच्याच वार्षिक मेळाव्यात.

स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ सालीच या छंदाची राष्ट्रीय संघटना उभारली होती. जुलै १९५९ मध्ये डेन्व्हरजवळ तिचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. तेव्हापासूनच्या अशा मेळाव्यांची रीत आजही साधारण तीच आहे. मोकळे मैदान, दोरीने आखलेली हद्द. प्रत्येक मुलाने आपले रॉकेट आधी तपासनिसाला दाखवायचे: धातूची नळी नाही ना, पंख घट्ट आहेत ना, छत्री नीट घडी केली आहे ना. मग ते एका उभ्या सळईवर चढवायचे. काडी ओढून पेटवायची नाही. विजेच्या तारेने, निदान १५ फूट दूर उभे राहून, खटका दाबायचा. त्याआधी मोठ्याने पाच आकडे उलटे मोजायचे, म्हणजे सर्वांच्या नजरा वर लागतात. रॉकेट पेटले नाही तर खटक्याची किल्ली काढून घ्यायची आणि साठ सेकंद कोणी जागचे हलायचे नाही. आपल्याकडे न फुटलेल्या फटाक्यावर वाकून फुंकर घालणारी पोरे पाहिली, की या साठ सेकंदांचे मोल कळते.

आणि उंची? ती अंदाजाने सांगायची नाही. मैदानाच्या कडेला कोन मोजणारा उभा असतो. तो ३०० मीटर दूर असेल आणि माथ्यावरच्या रॉकेटचा कोन ३० अंश भरला, तर उंची १७३ मीटर. वाऱ्याने रॉकेट तिरके गेले तर हिशेब चुकतो, म्हणून दोन ठिकाणांहून दोघे मोजतात. वर्गात फळ्यावर त्रिकोणमिती काढली की मुले जांभया देतात. येथे तीच मुले त्या कोनासाठी भांडतात.

हा खेळ देशोदेशी पसरला. १९७२ साली युगोस्लाव्हियातील व्रशात्स गावी त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्या काळात पूर्व आणि पश्चिम एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, त्या काळात दोन्हीकडची माणसे एका मैदानावर कागदाची रॉकेटे उडवीत होती! २००३ पासून अमेरिकेत शाळकरी मुलांच्या संघांची स्पर्धा भरते. रॉकेटमध्ये कच्चे अंडे ठेवायचे, ठरलेल्या उंचीवर न्यायचे, ठरलेल्या वेळात खाली आणायचे. अंड्याला तडा गेला, की सारी उंची फुकट.

या स्पर्धेचा नियम करणाऱ्याने मला वाटते इतिहासाचे मर्म पकडले आहे. वर जाण्याची कला माणसाला फार पूर्वी साधली. तिच्यासाठी दारू आणि धाडस पुरे होते. जे वर नेले ते धडपणे खाली आणायचे, तर कागद कापणारा स्थिर हात लागतो, घडी घालण्याची चिकाटी लागते, साठ सेकंद थांबण्याचा संयम लागतो. आकाशकंदिलाच्या काड्या बांधणाऱ्या आणि किल्ल्याला माती लिंपणाऱ्या आपल्या मुलांच्या हातांत यातले पुष्कळसे आधीच आहे. त्यांना हवे असते ते एवढेच, की कोणी मोठ्या माणसाने नुसते ‘नको’ म्हणून न थांबता, कोणते काम त्यांचे आणि कोणते आपले, याची रेघ विचारपूर्वक आखून द्यावी. नॉरफोकच्या त्या दुकानदाराचे एक रॉकेट आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. चंद्रावर जाऊन आलेल्या यानाच्या घरी त्यालाही जागा मिळाली, हे योग्यच झाले. तेही जाऊन परत आले होते.