जादा प्लग

मुलुंडच्या पावसात स्कूटर घरंगळत न्यायची नसेल, तर डिकीत जादा प्लग हवा. माझ्याकडे असे. एकदा शेजारच्या नानांनी ऐन ऑफिसच्या वेळी मागितला. "छे हो, कुठला!" मी म्हणालो. वाटेत माझीच बंद पडली तर?

नेमकं त्याच रात्री वाचलं. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्यानं विमान उडवण्याची स्पर्धा ठेवली होती. कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा आपलं चिमुकलं जिप्सी मॉथ घेऊन इजिप्तमध्ये उतरले, तर समोरून आलेला प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर प्लगावाचून अडकलेला! टाटांनी जवळचे जादा प्लग देऊन टाकले. अस्पी जिंकला, पुढे हवाई दलाचा प्रमुखही झाला.

सकाळी प्लग घेऊन नानांच्या दारात उभा राहिलो. नाना म्हणाले, "कालच आणला. एक जादाही आणलाय. तुमच्याकडे नाही ना? लागला तर मागा."