तिसऱ्या स्लॅशची कुळकथा

आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल शेअर कोड टाकून झिपमधून बाहेर काढली की हाती एक्सएमएल येते. ती क्रोममध्ये उघडली तर या फाइलला कुठलीही स्टाइल जोडलेली नाही अशी इंग्रजी सूचना वर दिसते आणि खाली नाव, पत्ता, फोटोच्या जागी अक्षरांची लांबच लांब रांग असा सगळा मजकूर फांद्याफांद्यांनी उलगडतो. पण अशाच एखाद्या एक्सएमएलमधली माहिती सुबक तक्त्यात दिसावी म्हणून शेजारी एक्सएसएलची फाइल ठेवली आणि एक्सएमएलच्या सुरुवातीला तिचा उल्लेख केला, तर पान कोरे येते. फाइली आपल्याच, फोल्डर एकच, कॉम्प्युटरही आपला. तरी ब्राउझर अडवतो आणि ती अडवणूक काढायला सेटिंग बदलावी लागते. या अडवणुकीचे मूळ मला १९९४ साली कोऱ्या सोडलेल्या एका जागेत दिसते.

नेहमी दिले जाणारे कारण वेगळे आहे. एक्सएमएलचा जमाना गेला, जेसन आले, त्यामुळे ब्राउझरवाल्यांनी या अंगाकडे लक्ष देणे सोडले, असे म्हणतात. एक्सएमएलची ओहोटी खरीच आहे. १९९८ मध्ये मानक झाले, मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ ने अधिक-उण्याच्या खुणांनी उघडमिट होणारे झाड दाखवले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एक्सएसएल फाइलीने एक्सएमएलचे रूपांतर करण्याचे एक्सएसएलटी हे मानक आले, आणि पुढच्या दशकात उत्साह ओसरला. पण दुर्लक्षाचा हा तर्क एका साध्या प्रयोगापुढे टिकत नाही. त्याच दोन फाइली त्याच कॉम्प्युटरवर छोटा सर्व्हर चालवून लोकलहोस्टच्या पत्त्यावरून उघडल्या की तोच ब्राउझर तक्ता व्यवस्थित मांडतो. यंत्रणा शाबूत आहे, बदलला तो फक्त पत्ता.

म्हणून पत्त्याकडेच बारकाईने पाहायला हवे. स्वतःच्या डिस्कवरची फाइल उघडली की वरच्या पट्टीत 'फाइल', विसर्ग आणि त्यापुढे तीन स्लॅश लागतात. वेबसाइटच्या पत्त्यात दोनच असतात. तिसरा स्लॅश अधिकचा वाटतो, पण तो मार्गाचा पहिला स्लॅश आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये होस्टचे, म्हणजे यंत्राचे नाव यायचे असते आणि ती जागा रिकामी आहे. डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तिथे लोकलहोस्ट लिहावे किंवा काहीच लिहू नये अशी मुभा दिली. हा पत्ता कोणत्याही इंटरनेट प्रोटोकॉलशी बांधलेला नाही, हेही तिथेच नोंदवले आहे. त्या वेळी यात वावगे काही नव्हते. पुढे नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जावास्क्रिप्ट आले आणि एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचे पान वाचू नये असा नियम झाला. साइट एकच की दोन, हे ठरते प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तिघांवरून; तिघांना मिळून ओरिजिन म्हणतात. फाइलच्या पत्त्यात होस्ट कोरा आणि पोर्ट नाहीच. मग दोन फाइली एका घरच्या की परक्या? नियमाकडे याचे उत्तर नव्हते. २०११ च्या आरएफसी ६४५४ नेही फाइलचा निर्णय ब्राउझरांवरच सोडला.

यावर एक जोरदार आक्षेप येईल: कुलूप मायक्रोसॉफ्टने लावले, आणि तेही ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधून. तोवर स्वतःच्या डिस्कवरच्या पानाला सर्वात कमी बंधने असत. ही सवलत हल्लेखोरांनी ओळखली आणि साइटवरचा कोड कसाही करून 'माय कॉम्प्युटर' क्षेत्रात घुसवायला सुरुवात केली. सर्व्हिस पॅकने दार लावले आणि पिवळी पट्टी दिसू लागली. हे सगळे मान्य. पण सुटकेसाठी दिलेली किल्ली पाहा. पानाच्या सुरुवातीला एक टिप्पणी लिहायची: 'सेव्ह्ड फ्रॉम यूआरएल', बरोबरचे चिन्ह, कंसात ००१४ आणि पुढे अबाउट:इंटरनेट. हे १४ म्हणजे शेवटच्या शब्दाची रोमन लिपीतली लांबी, मधल्या विसर्गासकट. या खुणेला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. फाइलला पत्ता नाही म्हणून तिला इंटरनेटचा पत्ता उसना द्यायचा, की तिला इंटरनेटवरच्या पानाचे नियम लागतात. कोऱ्या जागेत नाव भरणे हाच इथेही उपाय ठरला, त्यामुळे २००४ चे कुलूप माझ्या मताला बळच देते.

बाकीच्यांनी ती जागा आपापल्या परीने भरली. २००८ च्या फायरफॉक्स ३ ने त्याच फोल्डरमधल्या आणि त्याखालच्या फाइली एका घरच्या मानल्या. क्रोम अधिक कडक निघाला: प्रत्येक फाइल स्वतंत्र, शेजारचीही परकी. जुलै २०१९ मध्ये फायरफॉक्स ६८ नेही हाच मार्ग धरला. अँड्रॉइडवरच्या एका लोकप्रिय मेसेजिंग ॲपमधून आलेली खोटी एचटीएमएल फाइल उघडली, तर इतरांनी पाठवलेल्या फाइली ती वाचू शकते, हे दाखवून दिले गेले होते. फायरफॉक्सचा जुना नियम मला जास्त माणुसकीचा वाटतो, पण डाउनलोड फोल्डरमध्ये बँकेचे स्टेटमेंट आणि अनोळखी फाइल शेजारीशेजारी असतात हे नाकारता येत नाही.

मग त्याच फोल्डरमधली चित्रे आणि सीएसएस कशी चालतात? कारण पान चित्र दाखवू शकते, पण परक्या चित्रातला मजकूर वाचू शकत नाही. एक्सएसएलटीचे कामच मुळी वाचण्याचे आहे. त्यातले डॉक्युमेंट हे फंक्शन तिसरी फाइलही आत ओढते आणि तयार होणाऱ्या पानात स्क्रिप्ट असू शकते. नुसते झाड मात्र अडत नाही, कारण ते मांडण्याची सोय ब्राउझरच्याच पोटात आहे. शेजारच्या फाइलची त्याला गरज नसते.

आजच्या सेटिंग्ज या हिशेबाने पटकन समजतात. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिगमध्ये फाइलींचे 'स्ट्रिक्ट ओरिजिन' धोरण बंद करता येते. क्रोमच्या सगळ्या खिडक्या मिटवून तो 'अलाउ फाइल ॲक्सेस फ्रॉम फाइल्स' या फ्लॅगसह सुरू करता येतो. दोन्हींत बंधन सगळ्याच फाइलींवरचे उठते, म्हणून काम झाले की ते परत घालावे. पायथन असेल तर फक्त त्या फोल्डरपुरता एचटीटीपी सर्व्हर सुरू करून लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर फाइल पाहणे केव्हाही बरे. २०२५ मध्ये क्रोमने एक्सएसएलटीच काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. तो तडीस गेला तर क्रोममध्ये हा सर्व्हरही तक्ता दाखवू शकणार नाही. रूपांतर आधीच करून तयार एचटीएमएल उघडावे लागेल.