डोंगलच्या पोटातली सीडी

मागच्या भागात आपण डायल-अपच्या किरकिरीपाशी थांबलो होतो. आज तिथून पुढे, म्हणजे यूएसबीत खुपसायच्या डोंगलकडे जाऊ. तेही मॅकवरच्या डोंगलकडे, कारण त्या गोष्टीत माझी एक जुनी चूक अडकलेली आहे.

नोव्हेंबर २०१२ चा पहिला आठवडा, इंदूर. तेव्हा मी शहरातल्या चार-सहा डीटीपी ऑफिसांचे मॅक सांभाळायचो. त्यातलं एक ऑफिस एका मराठी काकांचं होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि वर्षातून एकदा इथल्या मंडळाचा दिवाळी अंक. पानं इंदुरात लागायची, छपाई पुण्यात व्हायची. रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल वरचेवर तुटायची, म्हणून पीडीएफ पाठवायला काकांनी थ्रीजी डोंगल घेतलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मीच म्हणालो, "काका, नवी सिस्टम आलीय, घालून देतो." माउंटन लायन त्याच जुलैत आली होती. चार जीबीहून मोठी फाइल मी घरी उतरवली, पेनड्राइव्हवर नेली आणि स्नो लेपर्डवरून थेट उडी मारली. काकांनी मागितलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो.

संध्याकाळी काकांनी डोंगल लावलं. त्याचा दिवा लुकलुकला, पण मॅकला मोडेम दिसेना. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. उत्तर आलं, "आमच्या वेबसाइटवरून नवा ड्रायव्हर डाउनलोड करा." काका शांतपणे म्हणाले, "अहो, इंटरनेट चालू असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

मंडळी, ड्रायव्हर हा प्रकार आधी समजून घेऊ. डोंगल दिसायला नवं असलं तरी आतून ते जुन्या टेलिफोन मोडेमचं नातवंडच. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीने स्मार्टमोडेम काढला आणि त्याच्याशी बोलायला 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणारे हुकूम ठरवले. तीस वर्षांनंतरही थ्रीजी डोंगलला तेच हुकूम द्यावे लागत. मॅकच्या नेटवर्कच्या खिडकीत फोन नंबरच्या जागी *९९# लिहायचं, सीडीएमएवाल्यांनी #७७७ लिहायचं, हे तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. पलीकडे कुठलीही घंटी वाजत नव्हती, तरी मॅक बिचारा नंबर फिरवत होता.

हा हुकूम डोंगलपर्यंत पोहोचवायला मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. यूएसबीच्या मानकांत मोडेमसाठी एक सर्वसामान्य वर्ग आहे. डोंगलने तो पाळला तर सिस्टमचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. पण बहुतेक डोंगल आपली ओळख 'आमचा खास प्रकार' अशी सांगत आणि मग खास ड्रायव्हर लागे. एकाच डोंगलमधून दोन-तीन वाटा निघत. एक बोलण्याची, एक तपासणीची, एक सिग्नल किती हे सांगणारी.

तो ड्रायव्हर ग्राहकापर्यंत न्यायचा कसा? हुआवेच्या ई-२२० पासून पुढच्या डोंगलांत यावर एक युक्ती रूढ झाली. डोंगल लावलं की ते आधी 'मी सीडी आहे' असं सांगायचं. त्या खोट्या सीडीत विंडोजचा आणि बऱ्याचदा मॅकचाही इन्स्टॉलर असायचा. तो चालवला की ड्रायव्हर बसायचा, मग ड्रायव्हर डोंगलला इशारा द्यायचा आणि डोंगल सीडीचं सोंग टाकून मोडेम व्हायचं. मला ही युक्ती आजही आवडते. पण तिच्यात एक गोम आहे. पोटातली ती सीडी कारखान्यात भरली जायची आणि सहसा तशीच राहायची. मॅकची सिस्टम मात्र बदलत जायची.

किती बदलली ते बघा. २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले, म्हणजे ड्रायव्हर दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवणं आलं. त्याच वेळी मॅकबुक प्रोला एक्सप्रेसकार्डची फट आली आणि जुन्या पॉवरबुकची मोबाइल कार्डं तिच्यात बसेनात. २००८ च्या मॅकबुक एअरला तर एकच यूएसबी होती, तीही खाली उघडणाऱ्या झडपेत, आणि जाड डोंगल तिथे शिरतच नसे. अ‍ॅपलने निवडक कार्डांसाठी सिस्टममध्येच सोय केली होती, पण आपल्याकडे बाजारात मिळणारं डोंगल त्या यादीत असेलच याची खात्री नव्हती. मॅकच्या आतच सिमकार्ड का नाही, असं तुम्ही विचाराल. थ्रीजीचा अँटेना असलेला मॅकबुक प्रोचा एक जुना नमुना २०११ मध्ये लिलावाच्या साइटवर दिसला होता. दुकानात तो कधी आला नाही.

आता माझी चूक. मॅकचे ड्रायव्हर तेव्हा सिस्टमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसत. त्यांना केक्स्ट म्हणतात. आमच्या इंदूरहून खंडव्याला मीटरगेजची गाडी जायची. रूळ ब्रॉडगेजचे झाले तर प्रवासी नव्या गाडीत बसेल, पण मीटरगेजचा डबा त्या रुळांवर उभाच राहणार नाही. साधी अ‍ॅप म्हणजे प्रवासी, केक्स्ट म्हणजे डबा. स्नो लेपर्डमध्ये बहुतेक मॅक ३२ बिटच्या गाभ्यावर सुरू होत. २०११ च्या लायनमध्ये ६४ बिटचा गाभा हाच रिवाज झाला, तरी ३२ चा शिल्लक होता. माउंटन लायनने तो काढून टाकला. काकांच्या डोंगलमधला केक्स्ट फक्त ३२ बिटचा होता. पाच मिनिटं तपासलं असतं तर आधीच कळलं असतं.

त्या रात्री मी सगळी पानं पेनड्राइव्हवर घेऊन स्कूटरने घरी आलो. घरच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग असा की शेवटची फाइल पुण्याला पोहोचेपर्यंत दूधवाला येऊन गेला होता. छापखान्यात आमची वेळ हुकली होती. लक्ष्मीपूजन १३ तारखेला होतं आणि अंक भाऊबीज उलटल्यावर आला. जाहिरातदारांनी काकांचे पैसे कापले. काका मला एक शब्द बोलले नाहीत.

पुढचे काही दिवस मी या ड्रायव्हरच्या मागे लागलो, आणि तेव्हा ध्यानात आलं की त्याला मालकच नाही. आतली चिप एका कंपनीची, डोंगल दुसरीचं, वरचा छाप मोबाइल कंपनीचा आणि संगणक अ‍ॅपलचा. डोंगल बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक काका नव्हतेच, ते होती मोबाइल कंपनी. तिने हजारोंनी डोंगल उचलली आणि तिचा व्यवहार पूर्ण झाला. दरवर्षी नवी सिस्टम काढणारी अ‍ॅपल म्हणणार, ड्रायव्हर आमचा नाही. मोबाइल कंपनी म्हणणार, सिस्टम आमची नाही. दोघांचंही म्हणणं कागदावर खरं होतं.

शेवटी मार्ग सापडला तो त्याच घराण्यातल्या नव्या डोंगलमध्ये. त्याच्या सीडीत ६४ बिटचा केक्स्ट होता. प्रत्येक केक्स्टसोबत एक साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात कोणत्या कंपनीचं, कोणत्या क्रमांकाचं उपकरण ओळखायचं याची यादी असते. मी त्या यादीत काकांच्या डोंगलचा क्रमांक घातला, परवानग्या नीट केल्या, मॅक पुन्हा सुरू केला आणि मोडेम दिसला. त्या काळात मॅकवाले जगभर असंच ठिगळकाम करत होते. कुणी यादीत एक ओळ घालायचं, कुणी फोनसाठी मोडेम स्क्रिप्ट लिहून फुकट वाटायचं. कंपन्यांनी सोडून दिलेली उपकरणं अशा लोकांनी चालती ठेवली, हे माझं ठाम मत आहे.

पण या ठिगळांचेही दिवस भरत आले होते. गाभ्यात शिरणारा कोड बिघडला तर अख्खा मॅक कोसळतो, आणि तो कोड वाईट हेतूने लिहिलेला असेल तर पाहायलाच नको. म्हणून अ‍ॅपलने दार हळूहळू लोटत आणलं. २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये सही नसलेल्या केक्स्टबद्दल इशारे सुरू झाले. २०१४ च्या योसेमिटीत सही सक्तीची झाली. सही केलेल्या केक्स्टच्या यादीत एक ओळ बदलली तरी सही मोडते, म्हणजे माझा उपाय बाद. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये सिस्टमच्या फोल्डरला असं कुलूप लागलं की प्रशासकालाही तिथे हात लावता येईना. शिवाय यूएसबीचा सांभाळ करणारा भागच नव्याने लिहिला गेला आणि उरलेसुरले जुने ड्रायव्हर गळाले. २०१९ मध्ये गाभ्याबाहेर राहून काम करणाऱ्या ड्रायव्हरांची नवी पद्धत आली. २०२० पासूनच्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर बाहेरचा केक्स्ट चालवायचा तर आधी सुरक्षा कमी करावी लागते. ठिगळ लावणारा म्हणून मला राग यायला हवा, पण येत नाही. मी स्वतः अनोळखी साइटवरचे केक्स्ट निमूटपणे लोकांच्या मॅकमध्ये घातलेले आहेत.

दरम्यान डोंगल बनवणाऱ्यांनी वेगळीच वाट काढली होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा बदल हाच. नव्या डोंगलांनी मोडेम असल्याचं सांगणंच सोडलं. हुआवेने त्याला हायलिंक नाव दिलं. आत एक छोटा राउटर. नंबर फिरवणं, सिमशी बोलणं हे सगळं तोच करतो आणि मॅकला म्हणतो, 'मी साधं नेटवर्क कार्ड आहे.' तसं कार्ड मानक पाळणारं असेल तर मॅकला ते जन्मतःच ओळखता येतं. बाकी सेटिंग ब्राउझरच्या पानावर. योसेमिटीच्या वेळी काकांना मी असंच एक घेऊन दिलं, माझ्या पैशाने. मग फोनचा हॉटस्पॉट आला, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि डोंगलची दुकानातली काच रिकामी झाली.

काकांचं जुनं डोंगल माझ्याकडेच आहे. आजचा भाग रेकॉर्ड करण्याआधी ते माझ्या आताच्या मॅकला अ‍ॅडाप्टर लावून जोडून पाहिलं. मोडेम दिसला नाही. डेस्कटॉपवर सीडीचं चित्र मात्र आलं, आणि आत ३२ बिटचा तो इन्स्टॉलर जसाच्या तसा होता.