गिरमिटियाची चिलीम

१६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदरात आले आणि नाताळ या ब्रिटिश वसाहतीतील उसाच्या मळ्यांवर हिंदी गिरमिटियांचे येणे सुरू झाले. करार पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मजुरी, पुढे दरवर्षी एकेका शिलिंगाची वाढ. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसे मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून तेथे गेली. त्यांच्यापैकी काहींसोबत गांजाची सवयही गेली. तिच्यासाठी बियाणे नेण्याची गरज नव्हती. ती वनस्पती त्या भूमीत युरोपीय येण्यापूर्वीपासून होती. झुलू लोक तिला 'इन्सांगू' म्हणत आणि ओढत.

१८७० साली नाताळने मजुरांविषयीचे नियम एकत्र करणारा कायदा केला. त्यातील एका कलमाने 'कूलीं'ना या झाडाचा कोणताही भाग ओढण्यास वा जवळ बाळगण्यास मनाई केली. त्यांना तो विकणे किंवा नुसता देणेही गुन्हा ठरला. हे कलम झुलूंना लागू नव्हते आणि मळ्याच्या मालकालाही नव्हते. म्हणजे एकाच मळ्यावर, एकाच झाडाच्या पानाने एक माणूस गुन्हेगार होत होता आणि दुसरा होत नव्हता. बंदी पदार्थावर नव्हती, ती माणसावर होती.

का? याचे उत्तर १८८५ साली नेमलेल्या रॅग आयोगाने १८८७ च्या अहवालात पुरेशा मोकळेपणाने दिले आहे. गांजाच्या व्यसनामुळे हिंदी मजूर ज्या कामासाठी खास आणला गेला ते काम मालकाचे समाधान होईल अशा रीतीने करू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आरोग्याचा विचार या मांडणीत दुय्यम आहे. नशेत असलेल्या माणसाचा हात चरकात जाणे ही काही काल्पनिक भीती नव्हे; पण आयोगाचा भर मजुराच्या हातापेक्षा मालकाच्या समाधानावर आहे. कामाच्या जागी नशा हा प्रश्न आधुनिक कायद्याच्या भाषेत जेथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला, त्या ठिकाणांपैकी हे एक. त्यामुळे त्याची ही जन्मखूण ध्यानात ठेवलेली बरी.

योगायोग असा की त्यानंतर काही वर्षांतच हिंदुस्थानात याच विषयाची फार मोठी चौकशी झाली. २ मार्च १८९३ रोजी विल्यम केन या मद्यपानविरोधी खासदाराने हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला गेला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली जो अहवाल दिला तो कित्येक खंडांचा आहे. मुंबई इलाख्यातील साक्षीही त्यात आहेत. आपल्याकडे अहमदनगर, सातारा या भागांत तेव्हा गांजाची रीतसर लागवड होत असे, हे आज अनेकांना ठाऊक नसते.

या अहवालातील मजुरांविषयीची निरीक्षणे नाताळच्या नेमकी उलट जातात. पालखीचे भोई, हमाल, टपाल वाहणारे हरकारे, पाणबुडे, कोळी, नावाडी यांच्यात गांजा आढळतो, आणि विशेष श्रमाच्या वा थंडीवाऱ्याच्या प्रसंगी थकवा जाणवू नये म्हणून तो घेतला जातो, असे आयोगाने नोंदवले. तेथे चिलीम कामाच्या आड येत नव्हती, उलट ते काम सोसण्याचे एक साधन होती. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही आणि अतिसेवनाने होतो, हा त्याचा एकूण निष्कर्ष.

मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण. तेथील आकडेवारीत वेडाचे कारण म्हणून गांजा वारंवार दिसे. आयोगाने १८९२ सालचा एकेक रुग्ण तपासला, तेव्हा असे दिसले की कारणाचा रकाना बहुधा पोलिसाने अथवा एखाद्या कारकुनाने भरलेला असे. रुग्ण कधीतरी गांजा ओढत होता एवढे कळले की 'कारण : गांजा'. फेरतपासणीनंतर निम्म्याहून कमी प्रकरणे उरली. माणूस गांजा घेतो आणि माणूस गांजामुळे बिघडला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच तो मुद्दा. तो पुढे शंभर वर्षे कोणाला फारसा आठवला नाही.

४ जानेवारी १९८७. वॉशिंग्टनहून बोस्टनकडे निघालेली 'कलोनियल' ही प्रवासी गाडी मेरिलँडमधील चेस या गावाजवळ, ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगात असताना, कॉनरेल कंपनीच्या मोकळ्या इंजिनांवर आदळली. ती तीन इंजिने थांबण्याचा सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली होती. सोळा माणसे मेली. इंजिन चालवणाऱ्यांनी ड्यूटीवर असताना गांजा ओढला होता. या सोळा जणांना वगळून या विषयावर बोलता येत नाही. नाताळच्या मळेवाल्याचा कावा ओळखला म्हणून धोका नाहीसा होत नाही.

पण चेसचा तपशील पाहावा. इंजिनातील इशाऱ्याच्या शिट्टीवर चिकटपट्टी लावून तिचा आवाज दाबलेला होता. सिग्नलदर्शक दिव्यांपैकी एक बल्ब जागेवर नव्हता. चालकाने दुर्लक्ष केल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हती. तपासात हे सगळे नोंदले गेले, आणि पुढे त्या मार्गावर तशी यंत्रणा सक्तीची झाली, चालकांना परवाने आले. जनतेच्या स्मरणात मात्र गांजा तेवढा राहिला. १९९१ च्या कायद्याने वाहतूक क्षेत्रातील लाखो कर्मचाऱ्यांची अचानक लघवी तपासण्याची पद्धत रूढ झाली.

येथे इस्पितळातील कारकुनाचा रकाना परत येतो. दारू फुंकून मोजता येते आणि तो आकडा त्या क्षणीच्या नशेच्या बराच जवळ असतो. गांजाचे तसे नाही. त्याचा अंमल काही तासांत उतरतो. लघवीत सापडतो तो त्याचा निष्क्रिय अवशेष, जो चरबीत साठल्यामुळे कित्येक दिवस, आणि नित्य सेवन करणाऱ्यात कित्येक आठवडे, निघत राहतो. म्हणजे शनिवारी रात्री घरी ओढलेली चिलीम पुढच्या गुरुवारी कारखान्यात सापडते. याउलट तासाभरापूर्वी प्रथमच ओढलेला माणूस, जो खरोखर धोकादायक आहे, तो या चाचणीतून निसटू शकतो. रोखायचे एक आणि मोजायचे दुसरे, असा हा प्रकार. डोळे, तोल, प्रतिसादाचा वेळ यांच्या चाचण्या आहेत, पण त्यांना वेळ लागतो, प्रशिक्षित माणूस लागतो, आणि थकलेला किंवा आजारी कामगारही त्यांत अडकतो. (माझ्या मते हा दोष नव्हे. झोपेने पेंगणारा क्रेनचालकही खाली उभ्या माणसाला तितकाच धोक्याचा आहे. पण मग पाळ्यांचे तास मोजावे लागतील, आणि ते मालकाच्या खाती पडतात.)

ज्या भूमीवर १८७० चे कलम लिहिले गेले तेथे १८ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने प्रौढांनी खाजगीत गांजा घेणे गुन्हा नाही असा निर्णय दिला. त्यानंतर अवजड यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीने कार्यालयात काम करणाऱ्या एका स्त्रीला लघवीच्या चाचणीवरून कामावरून काढले. ती घरी, झोप आणि चिंतेसाठी गांजा घेत असे. कामावर नशेत होती असा आरोप नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये कामगार अपील न्यायालयाने ही बडतर्फी अन्यायकारक ठरवली आणि चोवीस महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देण्याचा आदेश दिला. ती यंत्रे चालवत नव्हती, टेबलापाशी बसत होती, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली. यंत्र चालवणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता.