कांचेवरील दुहेरी पडदा

मनुष्यानें घराला खिडकी ठेवली ती उजेड आंत यावा म्हणून; आणि खिडकी होतांच तिला पडदा लावला तो उजेड बेतानें यावा म्हणून. मोटारगाडीच्या खिडकीचा इतिहास याहून फारसा निराळा नाहीं. फरक एवढाच कीं, घरच्या पडद्याला कोणी माप विचारीत नाहीं. गाडीच्या पडद्याला मात्र सर्वोच्च न्यायालयापुढें उभें राहावें लागलें.

आरंभीं मोटारीची कांच साधी असे व अपघातांत तिचे सुरे होत. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक कांचपात्र खालीं पडलें. तें तडकलें, परंतु तुकडे विखुरले नाहींत. कारण आंत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला होता. त्यांतूनच १९०९ सालीं दोन कांचांमध्यें थर असलेल्या सुरक्षित कांचेचें पेटंट निघालें. पुढें १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा शोध लावला, आणि १९६० नंतर त्याच्या पारदर्शक पापुद्र्यापासून ऊन अडविणाऱ्या फिल्मा अमेरिकेंत तयार होऊं लागल्या. रंगविलेल्या फिल्मांचा एक दोष असा कीं, उन्हानें त्यांचा रंग विटे, काळ्याची छटा जांभळी होई आणि जागोजागीं फुगे येत. तेव्हां गाडीच्या मालकाला मोह होई तो हा: जुनी खरवडीत बसण्यापेक्षां तिच्यावरच नवी कां चिकटवूं नये?

या मोहाचा हिशेब शाळकरी मुलालाही करतां येईल; मात्र येथें बेरीज चालत नाहीं, गुणाकार करावा लागतो. शेंकडा ७० प्रकाश जाऊं देणाऱ्या कांचेवर शेंकडा ७० प्रकाश जाऊं देणारी फिल्म लावली, तर ढोबळमानानें ४९ भाग प्रकाश उरतो. तिच्यावर तशीच दुसरी चढविली, कीं उरतात केवळ ३४. प्रत्येक थर पाहावा तर सौम्य. सर्व मिळून मात्र अंधार.

या ४९ आकड्याचें महत्त्व भारताच्या कायद्यांत दिसतें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणें पुढील व मागील कांचेंतून किमान ७० टक्के, आणि बाजूच्या कांचांतून किमान ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. म्हणजे वरच्या हिशेबांतली एकच फिल्म बाजूची कांच एका अंशानें नापास करते, आणि दुसरी तर बरीच खालीं नेते. हा केवळ कागदी दंडक नव्हे. रात्रीं पावसांत रस्ता ओलांडणारा पादचारी चालकाला दिसतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या थोड्याशा उजेडावरच अवलंबून असतो.

नियम होता, तरी काळ्या कांचा रस्त्यांवर वाढतच गेल्या. त्यांच्या आडून गुन्हे घडतात, अशी तक्रार घेऊन अविषेक गोएंका यांनीं जनहितार्थ अर्ज केला. त्यावर २७ एप्रिल २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला. नियमाला अभिप्रेत आहे ती मुळांतच तशी घडविलेली कांच. तिच्यावर मागाहून कांहींही चिकटविणें त्यांत बसत नाहीं, असा त्याचा आशय होता. कितीही टक्के प्रकाश जाऊं देणारी काळी फिल्म असो, ४ मे २०१२ पासून तिला मनाई झाली. हिशेबाचा वादच मिटला. एक थर नाहीं, तेथें दुसरा कोठला?

परंतु नियमही कालानुसार बदलतात. पुढील दुरुस्तीनें नियम १०० मध्यें सुरक्षित कांचेबरोबर 'सेफ्टी ग्लेझिंग' हे शब्द आले व १ एप्रिल २०२१ पासून ते लागू झाले. त्यांच्या आधारें २०२४ च्या सप्टेंबरांत केरळ उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करतां येणार नाहीं. अशा रीतीनें तो जुना गुणाकार पुन्हां जिवंत झाला. प्रकाश मोजणारें यंत्र थर किती हें विचारीत नाहीं. पलीकडे उजेड किती पोंचला, एवढेंच सांगतें.

म्हणून जाणता कारागीर जुन्यावर नवें चढवीत नाहीं. तो वाफेनें वा उष्णतेनें जुनी फिल्म सैल करतो, तिचा चिकटा साबणाच्या पाण्यानें धुतो, आणि मागील कांचेवर धुकें घालविणाऱ्या ज्या बारीक तारा असतात, त्यांना पातें लागूं न देण्याची काळजी घेतो. असें न केल्यास जुन्या थराचे फुगे व सुरकुत्या नव्यांतून वर येतात. आणि खालचा चिकटा सुटला, कीं वरची नवीही त्याच्याबरोबर सुटते.

झांकलेला दोष दिसेनासा होतो, परंतु नाहींसा होत नाहीं. कांचेच्या बाबतींत तर तो झांकतांना पुढची वाटही थोडी झांकली जाते.